माचण्याचं खारं तळं

उगवाडीची खाडी जिथं संपते तिथून केतवणच्या खाडीपर्यंत जमीन जेमतेम पाऊण कोस. मधे एक बुटकी खिंड, आणि खिंडीच्या माथ्यावर हे तळं. पाहुणे इथं आले की वाकून ओंजळ भरतात, आणि तोंडात घेतलेलं पाणी तसंच थुंकतात. मग विचारतात, खाडीपासून एवढ्या वर असलेल्या तळ्यात मीठ कुठून आलं?

तळ्याच्या दोन्ही अंगांना, उतारावर, एकेक दगडी कोठी आहे. गलबत मावेल एवढी लांब, दोन पुरुष खोल, दोन्ही टोकांना दारांसाठी दगडात कोरलेल्या खाचा. लोक त्यांना राकसाची न्हाणी म्हणतात. राकसाचा काही संबंध नाही. त्या एका वाण्यानं बांधल्या, असं सांगतात. वाणी माणूस समुद्राला जिना कशाला बांधेल, हे सांगायचं तर जरा सावलीत टेकावं लागेल.

वाण्याचं नाव अंतूशेट. राहणारा केतवण बंदराचा. शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण पोत्याला टिचकी मारून तांदूळ जुना की नवा ते सांगायचा. माणूस मोठा गोड. एकदा त्यानं एका गिऱ्हाइकाला भिजलेली सुपारी दिली, म्हणे. गिऱ्हाइकानं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. चार दिवसांनी ते गिऱ्हाईक भांडायला आलं, तर अंतूशेटनं त्याला पाटावर बसवून जेवू घातलं आणि वर हातावर पान ठेवलं. त्या पानातली सुपारी मात्र कोरडी होती. माणूस हसत परत गेला. विचारलं तेवढंच सांगावं, हा अंतूशेटचा धर्म. खोटं तो कधी बोलला नाही.

त्या काळी दक्षिणेकडून तांदूळ, खोबरं घेऊन येणाऱ्या गलबतांना केतवणला पोचायचं तर राकसदांड्याला वळसा घालावा लागे. दांडा म्हणजे उगवाडी आणि केतवण यांच्या मधे समुद्रात दोन कोस घुसलेला काळा खडक. वारा चांगला असेल तर वळशाला एक दिवस, नसेल तर आठ, आणि फिरला तर गलबत परत येतच नसे. केतवणात असं घर नव्हतं की ज्यातलं कुणी दांड्यावर बुडून गेलं नाही. अंतूशेटचा धाकटा भाऊ धोंडू तिथंच गेला. फळ्या मिळाल्या, धोंडू मिळाला नाही. आई वर्षभर त्याचं ताट वाढत राहिली. वर्षश्राद्धाच्या दिवशी अंतूशेट गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्यानं नवस केला, की यापुढे केतवणच्या माणसाला दांड्यावर जावं लागणार नाही.

मग त्यानं हिरबा पाथरवटाला गाठलं. हिरबानं मुलूख पाहिलेला होता. तो खिंडीवर आला, तळं पाहिलं आणि म्हणाला, "शेट, खिंड पार फोडायची गरज नाही. वरपर्यंत पाट खणू, आणि गलबतं वरून नेऊ."

तळ्याकाठी माचणे गाव होतं, चाळीस घरांचं. प्यायला तळं, गुरांना तळं, वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी, भाताला तळंच. तळ्यात साती आसरा, पाण्याच्या देवी, राहतात असं ते मानत. गावकी जमली. सगळ्यांत पुढे सगुणा म्हातारी, गावची आये. तिच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं.

"गलबत डोंगर चढणार?" तिनं विचारलं. "बैल जुंपणार काय त्याला?"

"गलबत चढत नाही, आये," हिरबा म्हणाला. "पाणी चढतं. गलबत नुसतं त्याच्यावर बसून राहतं."

त्यानं गुरांची दगडी डोण मागवली आणि तिच्यात करवंटी सोडली. ही डोण म्हणजे कोठी. खाडीकडचं दार उघडं आहे, गलबत आत आलं. दार लावलं. आता तळ्याकडच्या दारातली मोरी उघडली. हिरबा घागरीनं पाणी ओतत गेला, करवंटी वर वर येत गेली, काठाला लागली. आता आतलं पाणी आणि तळं एका पातळीला आलं, वरचं दार उघडलं, गलबत तळ्यात. पलीकडच्या कोठीत हेच उलटं. भरलेल्या कोठीत शिरायचं, पाणी खाली सोडायचं, आणि केतवणच्या खाडीत उतरायचं. वल्ही मारायची तेवढी तळ्यात.

"आणि ही घागर?" सगुणा म्हणाली. "ती गेली ना खाली?"

म्हातारी हुशार होती. प्रत्येक गलबतापाठी दोन कोठ्या भरून गोडं पाणी खाडीला जाणार होतं. पावसाळ्यात तळं काठोकाठ असे, तेव्हा फिकीर नव्हती. वैशाखाचं काय?

तेव्हा असं ठरलं, की तळ्यात एक दगड रोवायचा. पाणी त्या दगडाला टेकलं की दारं बंद, मग राजाचं गलबत का येईना. अंतूशेटनं तळ्यात उभं राहून नारळावर हात ठेवून शपथ घेतली. हिरबानं दगडावर सात आसरा कोरल्या.

गावाला वाटलं, दगड आपल्या पाण्यासाठी आहे. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. दगड रोवताना हिरबानं अंतूशेटला बाजूला घेऊन सांगितलं होतं. कोठीच्या दाराच्या दोन फळ्या जोडलेल्या हातांसारख्या, टोक तळ्याकडे करून मिटतात. तळ्याचं पाणी जितकं रेटेल तितक्या त्या घट्ट बसतात. अडसर नको, कुलूप नको. पण हे सगळं तळं वर आणि समुद्र खाली आहे तोवर. "कधी उधाण तळ्याच्या वर चढलं, तर हीच दारं समुद्र आपल्या हातानं उघडेल, शेट. दगड त्या मापानं बसवलाय. याच्याखाली पाणी जाऊ द्यायचं नाही."

"गावाला सांगायचं?" हिरबानं विचारलं.

"विचारलंय कुणी?" अंतूशेट म्हणाला.

समुद्र वर येऊ शकतो असं ऐकलं असतं तर माचण्यानं तळ्याला हात लावू दिला नसता, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

सहा वर्षं काम चाललं. पहिलं गलबत खिंडीवरून गेलं तेव्हा दोन्ही खाड्यांची माणसं पाहायला जमली होती, आणि झाडांच्या शेंड्यांमधून शीड सरकताना पाहून म्हाताऱ्यांनी हात जोडले, म्हणे. दुसऱ्या वर्षी हिरबा तापानं गेला. गुपिताचा धनी एकटा अंतूशेट उरला. पुढची बारा वर्षं दांड्यावर केतवणचं एकही माणूस गेलं नाही. बारा वैशाख दगड उघडा पडायच्या आत पाऊस आला.

तेराव्या वर्षी पाऊस आधीच कमी झालेला. चैत्र संपता संपता पाणी दगडाला टेकलं. अंतूशेटनं शब्द पाळला, दारं मिटली. जवळजवळ महिनाभर एक होडीही गेली नाही. आणि अमावास्येला तीन दिवस असताना नऊ गलबतं उगवाडीच्या खाडीत शिरली. सगळी केतवणची, घरी परतणारी. आगोट, म्हणजे पावसाचं तोंड, जवळ आली होती, वारा नैर्ऋत्येला फिरला होता. उगवाडीचा किनारा खडकाळ, तिथं गलबत ओढून घ्यायला जागा नाही. पावसाळा लागेपर्यंत तिथं थांबलं तर खडकावर आपटून फुटायचं.

दौलत तांडेल त्या सगळ्यांचा पुढारी. तो खिंड चढून आला, दगडाकडे पाहिलं आणि तोंडातलं पान थुंकला.

"शेट, तू काही बोलू नको. शपथ तुझी, आमची नाही. आम्ही दांड्यावरून जातो."

"या वाऱ्यात?"

"मग काय तुझ्या आसरांच्या मांडीवर बसू? पोरं घरची वाट बघतायत."

अंतूशेट खाली बसला. शपथ पाळावी तर नवस मोडत होता. नऊ गलबतं, शंभरावर माणसं. त्याला आईनं वाढलेलं ताट दिसत होतं.

तेवढ्यात सगुणा आली. मागे गावातल्या बाया होत्या. तिनं दगडावर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "उघड दारं, अंतूशेट. गावाची परवानगी आहे. आठ दिवसांत पाऊस येईल, तोवर आम्ही झऱ्याचं पाणी खरवडून पिऊ. आसरा बायकाच आहेत. त्यांची समजूत आम्ही काढतो."

दौलत तांडेलनं तिच्या पायाला हात लावला. "उठ मेल्या," ती म्हणाली, "आधी गलबतं हलव."

अंतूशेटच्या घशाशी शब्द आले होते, असं सांगतात. आये, हा दगड आसरांचा नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. इतकी वर्षं ज्या बाईनं त्याला ताक पाजलं, जिच्या ओसरीवर तो बसला, तिला सांगावं लागलं असतं की मी तुला फसवून तळं घेतलं. त्यानं मनात हिशेब मांडला. पाणी वीतभर उतरेल. उधाण दर वेळी काही एवढं चढत नाही. आणि कुणी विचारलं नव्हतं.

तो उठला आणि त्यानं मोरी उघडली.

दोन दिवस गलबतं जात राहिली. एक कोठीत, एक तळ्यात, एक पलीकडे उतरणीला. माचण्याच्या बायांनी खलाशांना भाकऱ्या दिल्या. दगड उघडा पडला, मग त्याच्या पायथ्याचा चिखल दिसू लागला. नववं गलबत केतवणच्या खाडीत उतरलं तेव्हा आठवं किनाऱ्यावर ओढलंसुद्धा होतं. शंभरावर माणसं घरी पोचली. ही गोष्ट खरी, आणि ती कुणी नाकारत नाही.

तिसऱ्या दिवशी अमावास्या. सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा खाडीत पाणी लोटत होता. अंतूशेट उगवाडीकडच्या दारापाशी बसून होता. भर दुपारी भरतीचं पाणी कोठीच्या खालच्या दाराला लागलं, चढत गेलं, आणि दाराच्या दोन फळ्या हळूच विलग झाल्या. कोणी हात लावला नव्हता. आवाजही झाला नाही. पाणी कोठीत भरलं आणि वरच्या दाराशी आलं. अंतूशेट धावला आणि फळ्यांना छाती लावून उभा राहिला. समुद्रानं त्याला दारासकट बाजूला सारलं. पलीकडे केतवणच्या अंगालाही तेच चाललं होतं. गुरं तळ्यावर आली, तोंड लावलं आणि मान फिरवून उभी राहिली.

सगुणा काठावर आली तेव्हा तो चिखलात बसला होता. आता त्यानं सगळं सांगितलं. हिरबा काय म्हणाला ते, दगड कशासाठी होता ते. ती ऐकत राहिली.

"दोन दिवस होते," शेवटी ती म्हणाली. "चाळीस घरं होतो. माती आणून ठेवली असती, शेवटचं गलबत उतरताच दारांना आतून बांध घातला असता, अंतूशेट. गलबतं गेली असती, आणि तळंही राहिलं असतं."

"आम्ही दारं तरीही उघडली असती रे," ती म्हणाली, आणि वळून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही.

पाऊस आठव्या दिवशी आलाच. तळं भरलं, पण दारांच्या फळ्या उखडल्या होत्या; दर उधाणाला समुद्र वर येत राहिला. भाताची रोपं पिवळी पडून गेली. झरेही मचूळ झाले. माचण्यानं एक हिवाळा काढला आणि मग एकेक घर उठलं. कुणी घाटावर गेलं, कुणी कुठं, ते सांगता येत नाही. सगुणा सगळ्यांत शेवटी गेली. केतवणची गलबतं पुन्हा दांड्याला वळसा घालू लागली, आणि दोन वर्षांत दौलत तांडेल तिथंच गेला.

अंतूशेटनं पेढी सोडली. केतवणहून रोज एक घागर गोडं पाणी घेऊन तो खिंड चढायचा आणि ती तळ्यात ओतायचा. लोक म्हणत, शेट, अशानं तळं गोडं होईल काय? तो म्हणे, नाही होणार. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घागर घेऊन निघे. एके दिवशी घागर काठावर सापडली, भरलेली. अंतूशेट सापडला नाही.

आजही वैशाखी अमावास्येला भर दुपारी केतवणच्या खारवणी, खलाशांच्या घरच्या बाया, गोड्या पाण्याच्या घागरी घेऊन इथं येतात. घागर तळ्यात ओतायची, आणि ओतताना आपण दडवून ठेवलेली एक गोष्ट मोठ्यानं सांगायची, अशी रीत आहे. त्या सांगतात. नवऱ्याला न सांगितलेलं, सासूला न सांगितलेलं, पोराला न सांगितलेलं. उन्हात समोर माचण्याची चाळीस जोती दिसत असतात. ऐकायला तिथं कुणी नाही.