व्हा पुढे, मी आलोच!

जंगलात सायकली नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. वाडग्यासारख्या गोल रस्त्यावर शर्यत लागायची आणि जिंकेल त्याला झेंडूचा हार मिळायचा.

एका वर्षी कोल्होबा, काळवीटराव आणि म्हशीबाई उतरले. म्हशीबाईंना कुणी मोजलंच नाही. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्याने त्याच्या आडोशाने येऊन शेवटी सटकायचं, ही युक्ती त्या दोघांनाही ठाऊक होती. म्हणून शेवटच्या फेरीत दोघंही पेडलवर तोल सांभाळत जागच्या जागी उभे राहिले!

"व्हा पुढे, मी आलोच," कोल्होबा गोड आवाजात म्हणाले.

"छे छे, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," काळवीटराव म्हणाले.

बराच वेळ हेच चाललं. मागून कुरकुरत्या सायकलवर म्हशीबाई आल्या, "बरं" म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

टाळ्या ऐकून दोघं भानावर आले आणि जीव खाऊन सुटले. पोचतात तो म्हशीबाई रेघेपलीकडे हार चघळत उभ्या!

"अहो, हे काय!" कोल्होबा ओरडले.

"तुम्हीच म्हणालात ना, व्हा पुढे?" म्हशीबाई म्हणाल्या. "दोन फुलं ठेवली होती हो तुमच्यासाठी. पण तुमचं 'आलोच' फार लांबलं."