रिकाम्या जागेतला शब्द

एकदा एक नदी, तिच्यावरचा एक बुटका फरशी पूल आणि काठावरचे एक वृद्ध गुरुजी असे तिघे शेजारी राहत होते. गुरुजींनी उभे आयुष्य संगणकाची कामे करण्यात घालवले होते. पूल मात्र मोठा कपटी. वर घाटात पाऊस झाला, की इकडे लख्ख ऊन असतानाही तो बघता बघता पाण्याखाली जाई. मागच्या साली एक जोडपे दुचाकीसकट वाहून गेले, आणि तेव्हापासून त्या पुलाची धास्ती गुरुजींच्या मनात घर करून बसली होती.

त्यांनी काठावरच्या खांबावर पाण्याची पातळी मोजणारे यंत्र बसवले आणि आपल्या तरुण शिष्याला सांगितले, “पूल खुला की बंद, एवढेच सांगणारे एक पान तयार कर. कोणाच्याही साध्या मोबाइलवर उघडले पाहिजे.”

डोंगरातली रेंज चंचल, म्हणून शिष्याने जावास्क्रिप्टची एक हलकीशी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, निवडला. तिची रीत सोपी होती. पानाचा साचा एकदाच लिहायचा आणि बदलत्या माहितीसाठी महिरपी कंसांत जागा सोडायची. यंत्राकडून निरोप आला, की त्या जागेत योग्य तो शब्द आपोआप येऊन बसे. निरोप रेंगाळला, तर मात्र ‘पूल :’ या अक्षरांपुढे ओकेबोके दिसे.

उद्घाटनाला खुद्द तहसीलदार येणार होते. साहेबांसमोर रिकामी चौकट उघडली तर चारचौघांत हसे होईल, हीच शिष्याला मोठी भीती. माहिती न आल्यास तिच्या जागी काय दाखवायचे, हे आधीच लिहून ठेवण्याची सोय त्या लायब्ररीत होती. त्याने तिथे ‘खुला’ असे लिहून टाकले. झाकली मूठ सव्वा लाखाची! मग निश्चिंत मनाने त्याने ते पान नदीपलीकडच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका असलेल्या आपल्या ताईला पाठवून दिले. कौतुक करणारे पहिले माणूस घरचेच हवे ना.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी गुरुजी त्याला घेऊन पुलाशी आले. यंत्राची पेटी उघडून त्यांनी आतली बॅटरी काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

“गुरुजी! दुपारी साहेब येणार आहेत, आणि हे काय करताय?”

“पान उघड. काय म्हणतंय?”

शिष्याने मोबाइल पाहिला. पूल : खुला.

“वा! मग चल, पलीकडच्या टपरीवर चहा घेऊ,” गुरुजी म्हणाले.

शिष्याने पुलाकडे पाहिले. गढूळ पाणी फरशीवरून वाहू लागले होते. ते घोटाभर होते की कंबरभर, काहीच कळत नव्हते. घाटावरचे आभाळ काळेकुट्ट झाले होते. त्याचा पाय उचलेना.

“तुझंच पान आहे. तुझाच विश्वास नाही त्याच्यावर?” गुरुजी शांतपणे म्हणाले. “अजून ते कोणाच्या हाती गेलेलं नाही, म्हणून आज ही परीक्षा.”

शिष्य गर्रकन वळला. “गेलंय गुरुजी. ताईकडे. रात्रपाळी संपवून ती याच वेळी घरी यायला निघते.”

गुरुजींनी झटकन पलीकडे पाहिले. त्याच वेळी पलीकडच्या उतारावर ताईची स्कूटर दिसली. पाण्यापाशी येऊन ती थांबली. तिने मोबाइल काढून पाहिला, आणि गाडी पुढे घेतली.

दोघे हातवारे करीत ओरडू लागले, पण पाण्याच्या आवाजापुढे माणसाचा आवाज तो काय टिकणार! भाऊ स्वागताला आला असे समजून ताईनेही हात हलवला. शिष्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. स्कूटरचे पुढचे चाक पाण्यात शिरले. त्याने पुन्हा फोन लावला. या वेळी ताईने गाडी थांबवून तो उचलला.

“अरे, आलेच! पाणी दिसतंय, पण तुझं पान खुला म्हणतंय. घोटाभरच असेल ना?”

“ताई, ते खोटं आहे! यंत्र बंद आहे. तो शब्द मी लिहिलाय, नदीनं नाही. मागे फिर!”

ताईने फोन खिशात टाकला. मग एक एक पाऊल मागे घेत तिने गाडी बाहेर ओढली. ती उतार चढून गेली आणि पुलाच्या कडेचे दगड एकेक करून पाण्याखाली दिसेनासे झाले.

गुरुजींनी खिशातली बॅटरी काढून दिली आणि शिष्याने ती परत बसवली. पानावर शब्द उमटला : बंद. गुरुजी काठावरच्या दगडावर बसले.

“तुला घाबरवायला आणलं होतं. मीही घाबरलो,” ते म्हणाले. “आपल्याला माहीत नाही, हे दिसू नये म्हणून तू जागा भरलीस. लायब्ररीचा दोष नाही, ती बिचारी सांगाल ते दाखवते. झाकली मूठ चारचौघांत ठेवावी बाबा, पुरापुढे नाही. तुला रिकाम्या जागेची भीती वाटली ना? ती भीती लोकांना वाटायला हवी होती. ती तू त्यांच्यापर्यंत पोचू दिली नाहीस.”

शिष्याने तिथेच लॅपटॉप उघडला, ‘खुला’ खोडले आणि त्या जागी लिहिले : ‘माहिती मिळालेली नाही. पुलावर जाऊ नका.’

“लोक उगाच घाबरणार नाहीत का, गुरुजी?”

“घाबरू देत. घाबरलेला माणूस काठावर थांबतो.”

संध्याकाळी ताईचा फोन आला. माघारी गेलेली ती उपकेंद्रातच अडकली होती.

“इथे पान आता बंद म्हणतंय. या वेळी खरं ना रे?”

शिष्याच्या हातात मोबाइल होता, त्यावर तोच शब्द होता. तरी तो उठला, अंगणाच्या टोकाशी गेला, तिथून त्याने नदीकडे पाहिले, आणि मगच तो म्हणाला, “हो ताई. खरं आहे.”

जे आपल्याला ठाऊक नाही, त्याची जागा रिकामी आहे हे सांगावे. पलीकडून कोणी आपल्याच शब्दावर पाऊल टाकत असते.