पडद्यावरची तपासणी

विमा होता, डॉक्टरही होते, मग माझी ताई का गेली? मोबाइलवर व्हिडिओतून रोगी पाहिलेला विम्यात बसत नाही म्हणून डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बोलावलं आणि ती घाटातच गेली.

पुढं आरोग्य विम्याच्या नव्या कायद्यावर गावाचं म्हणणं ऐकायला सरकारी समिती बसली. अध्यक्ष डॉक्टर देवस्थळींना घाटात गाडी लागते, म्हणून ते मुंबईहूनच शाळेतल्या पडद्यावर आले. म्हणाले, "पडद्यावर रोगी पाहणं ही तपासणीच नव्हे. त्याला विमा नाही."

माझं डोकं फिरलं. गरोदर इंदूवहिनीला हाताला धरून मी कॅमेऱ्यासमोर आणलं. गावची आशा कार्यकर्तीही तिथंच होती.

"अहो, या बाईंचा चेहरा केवढा सुजलाय! आशाताई, रक्तदाब मोजा." आकडा ऐकताच साहेब ओरडले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवा!"

मी दारात आडवा उभा राहिलो. "साहेब, ही तपासणी झाली का? झाली असेल तर कायद्यात घाला. झाली नसेल, तर वहिनीला कशाला हलवू?"

साहेबांनी चष्मा काढला. "हलव रे बाबा! झाली तपासणी. घालतो कायद्यात."

वहिनी वाचली, तिला मुलगी झाली. कायद्यातही ते कलम आलं. त्या दिवशी, ताई गेल्यापासून पहिल्यांदा, मला पोटभर जेवण गेलं.

कामासाठी गाव सोडताना मी शाळेच्या रेंज मिळणाऱ्या खिडकीत मोबाइल ठेवायला एक फळी ठोकली, बसलेल्या माणसाचा चेहरा डॉक्टरांना नीट दिसेल इतक्या उंचीवर.