आऊट झाला की उठायचं

“मग चुकलंय तरी काय, अक्का? तूच सांग.”

सुकुमार मगदूमने फोन गल्लीतल्या रत्नाक्काच्या पुढ्यात ठेवला. अक्का साडीला फॉल लावत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“काय काय केलंस ते सांग आधी.”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आणि पुण्यात चाळीस इंजिनियर हाताखाली असलेल्या माणसाला सांगायची हौसही होती.

जुना गेम फोनवर चालवायचा तर आधी इम्युलेटर हवा. म्हणजे फोनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारं ॲप. त्याने पाच ॲप आणली आणि चार फेकली. फुकट म्हणून मिरवायचं आणि दर चार उड्यांना जाहिरात तोंडावर मारायची, ही उघड लबाडी त्याला खपत नव्हती. मग गेमची फाईल. ती देणाऱ्या साइटवर ‘डाउनलोड’ लिहिलेली सहा बटणं, त्यातली पाच खोटी. लोकांच्या लहानपणाचाही बाजार मांडलाय भामट्यांनी! त्यातूनही त्याने खरी फाईल काढली. चित्र ताणलेलं दिसायचं, ते चौकोनी केलं. जुन्या टीव्हीसारख्या बारीक आडव्या रेघा आणल्या. हातात धरायला ब्लूटूथचा रिमोट जोडला, शिवाय तसाच बिनवायरीचा मोठा स्पीकर.

“आणि भूपालअण्णाच्या हातात दिला,” सुकुमार म्हणाला. “दोन मिनिटं खेळला. ठेवून दिला. भिंतीकडे तोंड करून पडला.”

अक्काची सुई थांबली.

भूपाल हा त्याचा थोरला भाऊ. आठ महिन्यांपूर्वी त्याला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढतो. चालायला लागला तर सुधारेल, असं डॉक्टर सांगून दमले. पण तो पलंगावरून उतरत नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्याने दोनदा दारातून परत पाठवलं. जुना गेम बघून तरी माणूस हलेल, एवढ्याच आशेवर सुकुमार रजा टाकून इचलकरंजीला आला होता.

कारण हाच भूपाल एके काळी या खोलीचा राजा होता.

तीस वर्षांपूर्वी रत्नाक्काच्या या पुढच्या खोलीत पैसे देऊन गेम खेळायचं दुकान होतं. चार टीव्ही होते, चार गेमची मशीन होती आणि गल्लीतली झाडून सगळी पोरं होती. बाहेर यंत्रमागांची खटखट, आत गेमची पीपी. भूपाल बसला की बाकीची पोरं आपला नंबर विसरून त्याच्या पाठीमागे उभी राहायची. आता टीव्ही गेले. गल्लीतले निम्मे माग भंगाराच्या भावात गेले. अक्काच्या नवऱ्याने तैलरंगात भिंतीवर लिहिलेली ओळ तेवढी राहिली होती :

आऊट झाला की उठायचं. वाद नको.

“तो गेम मूळचा कसा चालायचा, ते तुझ्याएवढं कुणाला ठाऊक नाही,” सुकुमार म्हणाला. “कुठं फरक पडलाय एवढं सांग. पुढचं मी बघतो. मला काहीही दुरुस्त करता येतं.”

“व्हय?” अक्का म्हणाली. “लाव बघू.”

त्याने पिशवीतून स्पीकर काढून लावला, रिमोट हातात घेतला. पडद्यावर लाल शर्टवाला गडी पळू लागला.

अक्काने डोळे मिटले.

“उडी मार.”

त्याने मारली.

“आणिक एक.”

मारली...

“आवाज मागनं येतोय,” ती म्हणाली.

“शक्यच नाही.”

“गडी खाली टेकतोय, तवा उडीचा आवाज ऐकू येतोय. मागाचा धोटा असा मागं ऱ्हायला असता, तर सूत तुटलं असतं, लेका.”

सुकुमारने स्पीकर बंद केला. फोनच्याच बारक्या आवाजावर खेळून पाहिलं. उडी आणि आवाज एकत्र आले. ब्लूटूथमधून आवाज पोचायला किंचित वेळ लागतो. नव्यानं नोकरीला लागलेल्यालाही कळावी अशी गोष्ट. ती त्याला सत्तरी ओलांडलेल्या बाईने डोळे मिटून सांगितली.

त्याचे कान तापले. मग तो मोठ्याने हसला.

“सापडलं म्हणायचं! चला, आता अण्णाला...”

“बस खाली.”

तो बसला.

“दे हिकडं.”

तिनं सुई पदराला टोचली. रिमोट दुकानाच्या जुन्या काउंटरवर ठेवला. उजवा हात मांडीवर ठेवून दिला आणि एकट्या डाव्या हाताने खेळू लागली.

गडी पळाला. पहिल्याच खड्ड्यात पडला.

पुन्हा पळाला. पुन्हा पडला.

सुकुमारला हसू आवरेना. “अक्का, लवकर उडी मार की!”

गडी पडत राहिला. पाच वेळा... सात वेळा... मग तिनं हात काढून घेतला.

“किती लाइफ ऱ्हायली?”

“तीन.”

“मगाशी किती हुती?”

“तीनच. कोड टाकलाय मी. कितीही वेळा मेला तरी आकडा उतरत नाही.” त्याने आवाज खाली आणला. “अण्णाचा एकच हात चालतो ना. हरलो, असं त्याला वाटायला नको.”

“त्येला सांगितलंस?”

“नाही. त्याला काय कळतंय त्यातलं?”

“भूपालला?”

सुकुमारने काउंटरवरचा रिमोट उगाच सरळ केला.

बाहेर कुठेतरी एकच माग चालू होता. पूर्वी अशी एका मागाची खटखट वेगळी ऐकू येत नसे.

“तू सहा वर्साचा हुतास,” अक्का म्हणाली. “समद्यांत बारका. लिंबूटिंबू. भूपाल खेळाय बसला की तुझ्या हातात दुसरा रिमोट द्यायचा.”

सुकुमारचा चेहरा सैल झाला. “आणि त्याची वायर जोडलेलीच नसायची! चटईखाली सरकवलेली. मी आपला बटणं दाबतोय दाबतोय... आणि अण्णा ओरडायचा, वाघ हाय माझा भाऊ! पोरं तोंड दाबून हसायची.”

“कवा कळलं तुला?”

“दिवाळीच्या सुट्टीत. चटई उचलली कुणीतरी.”

“मग काय केलंस?”

“रिमोट भिरकावला. ते अजून आठवतंय मला. तुझी बरणी फोडली मी लिमलेटच्या गोळ्यांची.” तो हसत होता. “आठ दिवस इकडं फिरकलो नाही. अण्णाशी बोललो नाही. आई जेवायला वाढायची, मी उठून...”

“का रं?” अक्काने मध्येच विचारलं. “एकदाबी आऊट झाला न्हवतास की.”

हसू तसंच राहिलं, ओठांवर. नंतर तेही गेलं.

फोनच्या पडद्यावर लाल शर्टवाला गडी उभा होता. वर कोपऱ्यात आकडा होता. तीन.



मग सुकुमारने फोन उचलला. सेटिंग उघडली. यादीत खाली खाली गेला. ‘लाइफ संपणार नाही’ असं सांगणारी ओळ सापडली. तिच्यापुढे हिरवी खूण होती. त्याने अंगठा त्या खुणेवर नेला. आणि तिथेच धरून ठेवला.

“पहिल्याच खड्ड्यात पडंल गं त्यो, अक्का.” पुण्याची भाषा गळून पडली होती. “डाव्या हातानं कुठलं जमतंय? तीन मिन्टांत आऊट हुईल.”

“हुईल.”

“माझ्यासमोर?”

“तुझ्यासमोर.”

“आणि मग?”

अक्काने पदराची सुई काढली. दोरा ओठात ओला केला, डोळे बारीक करून सुईत ओवला. भिंतीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

“आऊट झाल्याबिगर ह्या खोलीतनं कोण उठलंय का रं कवा?”