वाकडा बांध

डोंगराच्या उतारावर वसलेल्या एका गावात रावजी नावाचा शेतकरी राहत होता. शेत म्हणाल तर नाचणीचा एवढासा तुकडा, तोही तिरपा. दर पावसाळ्यात त्यातली माती वाहून खालच्या ओढ्याला मिळायची. ती अडवायला रावजी शेताच्या खालच्या अंगाला दगडी बांध घालायचा. दगड रचण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

बांध तो एकट्याच्या डोक्याने आखायचा. घरच्यांनी फक्त दगड वाहायचे. कुणी तोंड उघडलं की म्हणायचा, "तुम्हाला यातलं काय कळतं?" मग कशाला कोण बोलतंय!

बांध दिसायचा मात्र देखणा. कमरेएवढा उंच आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट. पण भर पावसात तो हटकून फुटायचा. रावजी आधी गुराख्यांना शिव्या घालायचा, मग शेजाऱ्यांना, आणि कुणीच सापडलं नाही की नशिबाला. इकडे शेतात खडक उघडा पडत चालला होता. आणखी एक पावसाळा असाच गेला असता, तर पेरायला शेतच उरलं नसतं. रावजीची झोप उडाली.

त्या वर्षी त्याने बांध पुन्हा नव्याने रचला. पावसाच्या तोंडावर एके सकाळी तो शेतात गेला. बघतो तर काय, त्याची सून चांगुणा बांधाचे वरचे दगड काढून बाजूला ठेवत होती. रावजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

चांगुणा घाबरली, पण पळाली नाही. पदर सावरत म्हणाली, "मामंजी, झरा बांधाच्या खाली आहे. डोक्यावर हंडा घेऊन या भिंतीवर मी चढू कशी?"

रावजीचा चढलेला आवाज ऐकून घरची माणसं धावत आली आणि मग सगळंच बाहेर पडलं. त्याचा धाकटा भाऊ भागू मान खाली घालून कबूल झाला, की बैल ओढ्यावर न्यायला मधले दगड तोच काढतो. रावजीची बायको ठकूबाई हिने तर काहीच लपवलं नाही. बांधामागे पाणी तुंबून शेताच्या कोपऱ्यात तिने लावलेली हळद कुजायची, म्हणून ती तळाचे दगड सैल करायची. आपल्या चार दगडांनी काय होतंय, असं प्रत्येकालाच वाटत होतं.

"मग मला सांगितलं का नाही?" रावजी म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कधी?" ठकूबाई म्हणाली.

रावजीला राग आला होताच, पण त्याहून जास्त लाज वाटली. ज्या चोरांना तो गावभर शोधत होता, ते त्याच्याच पंगतीला जेवत होते, आणि त्यांना चोर त्यानेच केलं होतं. त्याने पहार घेतली आणि आपल्या हातांनी बांध पाडला. म्हणाला, "आता सांगा. कुणाला काय हवंय?"

मग काय, दिवसभर नुसती भांडणं. भागूला वाट मधूनच हवी होती. ठकूबाईने त्याला बजावलं, की माझ्या हळदीतून बैल नेशील तर खबरदार. रावजीच्या जिभेवर जुनं वाक्य कितीदा तरी आलं, त्याने ते गिळलं. शेवटी बैलांची वाट शेताच्या कडेने ठरली. हळदीच्या कोपऱ्यात जास्तीचं पाणी बाहेर पडायला सपाट दगडांची वाट ठेवली. झऱ्याच्या बाजूला लांब दगड बाहेर काढून पायऱ्या केल्या. त्या किती उंच हव्यात हे चांगुणाने डोक्यावर हंडा घेऊन, चढून-उतरून ठरवलं. बांध पार वाकडातिकडा झाला. रावजीला तो बघवेना.

आषाढात पावसाने झोडपून काढलं. रावजी डोक्यावर इरलं घेऊन शेताकडे पळाला. तिथे तिघंही आधीच हजर होती. भागू कडेची माती थापत होता. ठकूबाई पाण्याच्या वाटेतला पालापाचोळा उपसत होती. रावजी पायऱ्यांवरून उतरायला गेला, तशी चांगुणाने त्याला अडवलं.

"मामंजी, तिथे पाय देऊ नका. माझा दगड हललाय, आधी बसवू द्या."

बांधाच्या बाबतीत रावजीला आजवर कुणी अडवलं नव्हतं. तो गुपचूप मागे सरला. मग वाकला, आणि दगडाखाली सारायला तिच्या हातात दगडाची एकेक बारीक चीप देऊ लागला. पाऊस उघडला तेव्हा बांध जागेवर होता आणि माती शेतातच होती.

तात्पर्य: ज्यांना एखाद्या गोष्टीसोबत रोज जगायचं आहे, त्यांना ती आखतानाच विचारावं. ज्या कामात आपला शब्द असतो, ते माणूस जिवापाड जपतो.