सहाची गोळी

"माई, मग मी जाऊ का?"

अभिरामनं तिसऱ्यांदा विचारलं. माई मठाच्या ओसरीवर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं?"

"घरी. कायमचा. हे काम माझ्या हातून नको."

ज्यांना कुणी नाही अशी अकरा म्हातारी माणसं मठात राहत. त्यांच्या औषधांच्या वेळा अभिरामनं कॉम्प्युटरमध्ये भरल्या होत्या. वेळ झाली की घंटा वाजायची होती. गोळ्या देणाऱ्या शकूबाईंची औषधांची जुनी वही त्यानंच हसत हसत माळ्यावर टाकली होती.

"चुकलं काय, ते तरी सांग."

"नुसती वेळ भरली तर घेत नव्हता तो कॉम्प्युटर. तारीख मागत होता. मी त्या दिवशीची टाकली. सहाला घंटा वाजली, मी खुशीत घरी गेलो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी त्याच्या लेखी त्या तारखेचे सहा वाजून गेले होते… पुन्हा वाजलीच नाही."

चार दिवस त्या अकरांतल्या रामण्णांना सहाची फिटची गोळी मिळाली नाही. पाचव्या दिवशी ते न्हाणीत पडले. आता आतल्या खोलीत होते, हात प्लास्टरमध्ये.

"घंटेची वाट बघत बसले मी," आतून शकूबाई म्हणाल्या. "वही असती तर बघितलं असतं."

अभिराम म्हणाला,

"मला झोप येत नाही, माई. रागवा तरी."

"दमले रे मी." माईंनी शेवटची चादर बाजूला ठेवली. "कोणत्या तारखेला पडले रामण्णा?"

"नऊ."

"विसरशील?"

"मरेपर्यंत नाही."

माई भिंतीला धरून उठल्या. कोनाड्यातली रामण्णांची डबी उघडून त्यांनी एक गोळी अभिरामच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं दिलं.

"किती वाजले?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "सहाला पाच कमी."

माईंनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

"माई, ते माझ्याकडे बघणारसुद्धा नाहीत."

"नाही बघितलं तर नाही."

तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"आणि ती नऊ तारीख?"

"ती राहू दे तुझ्यापाशी. गोळी रोजच्या सहाची आहे."