कोपरा फाडलेले भेटकार्ड

एकदा एक वृद्धा नदीकाठी आश्रम चालवीत होती. घरच्यांनी मरणाआधीच टाकून दिलेल्या आजाऱ्यांना ती तिथे ठेवून घेई. सारे तिला अक्का म्हणत. तिच्या हाताखाली एक शिष्या होती. शिष्येची बोटे कुशल, आणि तिला ते ठाऊकही होते. आश्रमाला हातभार लागावा म्हणून तिने हातकागदावर झेंडूच्या पाकळ्या डकवून दिवाळीची भेटकार्डे केली. दिवाळी सरली, कार्डांचा ढीग मात्र उरला.

"उंदरांनी खाण्यापेक्षा आजाऱ्यांना देते," शिष्या स्वतःशी म्हणाली. अक्का औषधांसाठी चार दिवस तालुक्याला गेली होती. शिष्येने वीस खाटांपुरत्या कार्डांत वळणदार अक्षरांत लिहिले, 'शतायुषी व्हा'. मरायला टेकलेल्याला शतायुषी व्हा! अक्षर सुंदर असले की अर्थाकडे बघायला फुरसत कुणाला?

पहिल्याच खाटेवरच्या धुरपदाबाईला वाचता येत नव्हते. तिने पाकळ्या चाचपल्या.

"कुणाचं गं हे? माझ्या सोपानाचं?"

तिच्या उजळलेल्या चेहऱ्यावरचा आनंद शिष्येला मोडवेना. "हो," ती म्हणाली.

मग म्हातारी आडवी होईना. अंगात फणफणता ताप, तरी दाराकडे तोंड करून बसे. "दार लोटू नका गं, लेक यायचाय." पेज पुढे केली की म्हणे, "तो आल्यावर, त्याच्यासंगं." चौथ्या दिवशी ती बसल्या जागी गेली. कार्ड मुठीतून सोडवावे लागले.

शिष्या हुंदके देऊ लागली. परतलेल्या अक्काने तिच्याकडून सारी हकीकत काढून घेतली आणि म्हणाली, "रडणं मागाहून. उरलेल्यातलं सगळ्यात देखणं कार्ड आण."

शिष्येने आणले. अक्काने त्याचा कोपरा टर्रकन फाडला. शिष्या शहारली. कोपरा फाडतात तो मरणाची खबर देणाऱ्या पत्राचा; असले पत्र लोक घरात ठेवतसुद्धा नाहीत.

"लिही सोपानला. 'तुमचं म्हणून दिलेलं कार्ड कवटाळून तुमची आई गेली. ते तुम्ही पाठवलं नव्हतं. खोटं मी बोलले.' खाली तुझं नाव घाल."

"अक्का, मी तिच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी? तुझ्याकडं कार्डं उरली, म्हणून तू वाटलीस. त्यांच्याकडं काय उणं आहे, हे कुणाला विचारलंस? धुरपदाला शुभेच्छा नको होत्या. मी अजून जिवंत आहे, एवढं तिला लेकाला कळवायचं होतं. तेवढा कागद तुझ्या हातात होता. तिनं बोलण्याआधीच तू तो भरून टाकलास."

शिष्येने पत्र लिहिले. अक्षर या वेळी वळणदार आले नाही.

दुसऱ्या दिवशी ती कोरी कार्डे घेऊन धुरपदाबाईच्या शेजारच्या खाटेशी बसली.

"काका, कुणाला लिहायचंय?"

 म्हाताऱ्याने कार्ड हातात घेतले आणि अंगठ्याने त्याचे चारही कोपरे एकेक करून चाचपले.

"शाबूत आहेत," तो म्हणाला. "लिही तर मग."